पावसात जुना पिकअप ट्रक ‘मिसिंग’ का करतो आणि त्यावर कायमचा उपाय काय?

जुना पेट्रोल पिकअप ट्रक एरवी सुरळीत चालतो. पण पाऊस झाला, दव पडलं किंवा इंजिन धुतलं की झटके खायला लागतो. दहा-पंधरा मिनिटांत इंजिन तापतं आणि त्रास थांबतो. पुढच्या पावसात पुन्हा तेच. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी मिसिंग करते’ म्हणतात. अमेरिकेत १९९०च्या दशकातले पेट्रोल पिकअप आजही रोजच्या वापरात आहेत, त्यामुळे तिथे ही तक्रार नेहमीची. महाराष्ट्रात पावसाळ्यात जुन्या ओम्नी, मारुती ८०० किंवा जिप्सीवाल्यांनाही हा अनुभव येतो.

मिसिंग म्हणजे नेमकं काय?

बॅटरीतला १२ व्होल्टचा करंट इग्निशन कॉइल २० हजार व्होल्टच्या पुढे नेते. हा करंट प्लगपर्यंत पोहोचतो, तिथे ठिणगी पडते आणि सिलिंडरमधलं पेट्रोल पेटतं. ठिणगी पडली नाही तर त्या सिलिंडरचं काम त्या वेळेपुरतं चुकतं आणि गाडीला झटका बसतो.

इतक्या जास्त व्होल्टेजचा करंट नेहमी सोपी वाट शोधतो. वायरचं रबर आणि कॅपचं प्लास्टिक त्याला अडवून धरतं. त्यांना बारीक चीर गेली आणि त्यावर ओल आली, तर करंट प्लगकडे न जाता इंजिनच्या लोखंडात उतरतो. पाण्यात धूळ, तेल किंवा मीठ मिसळलं की गळती आणखी वाढते. म्हणूनच समुद्रकिनाऱ्याच्या गावांत, तसंच बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागांत हा त्रास जास्त दिसतो.

पाणी पुसून प्रश्न का सुटत नाही?

कारण खरा दोष चिरेचा असतो, ओल फक्त तो उघड करते. शिवाय करंट जिथून गळतो तिथलं प्लास्टिक जळून पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ उमटते. ती कार्बनची असते आणि कार्बनमधून करंट वाहतो. मग काही दिवसांनी गाडी कोरड्या हवेतही मिसिंग करू लागते.

झिजलेला प्लगही तितकाच कारणीभूत असतो. प्लगमधलं अंतर वाढलं की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि करंट दुसरी वाट धरण्याची शक्यता वाढते. चढावर किंवा ओझं असताना झटके जास्त बसतात, तेही याच कारणाने.

पाणी शिरतं कुठे?

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या शेवरोले आणि जीएमसी पिकअपच्या व्होर्टेक इंजिनात डिस्ट्रिब्युटर असतो. त्याच्या तळाला हवा खेळण्यासाठी बारीक जाळ्या असतात. त्या तेल-धुळीने बुजल्या की ओल आत अडकते आणि कॅपच्या टोकांवर गंज चढतो. फक्त कॅप बदलून जाळ्या तशाच ठेवल्या, तर नवी कॅपही लवकर खराब होते.

फोर्ड एफ-१५०च्या ५.४ लिटर ट्रायटन इंजिनात डिस्ट्रिब्युटर नसतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि प्लग खोल खड्ड्यात बसवलेले असतात. रबर बूट सैल झाला की इंजिन धुतलेलं पाणी त्या खड्ड्यात साचतं. कधी तिथे पावसाचं पाणी नसून हीटरच्या पाइपातून गळणारं कुलंट असतं. त्यामुळे पाणी कुठून आलं, हे आधी पाहावं.

दोष कसा शोधायचा?

अमेरिकेतल्या १९९६ नंतरच्या गाड्यांत स्कॅनर लावला की कोड मिळतो. पी०३०४ म्हणजे चौथा सिलिंडर. पी०३०० म्हणजे कुठलाही एक सिलिंडर ठरत नाही; अशा वेळी कॅप आणि रोटर आधी तपासावेत. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहतात. कोडही शेजारी गेला तर कॉइल खराब.

दुसरी जुनी पद्धत अंधारातली. मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवून कॅप, वायर आणि कॉइलवर स्प्रे बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारतात. करंट गळत असेल तिथे निळसर ठिणग्या दिसतात, टिकटिक आवाज येतो. या वेळी वायरला हात लावू नये आणि सैल कपडे पंख्यापासून दूर ठेवावेत. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने जवळ थांबू नये.

दुरुस्ती कशी करायची?

- कॅप, रोटर, वायर आणि प्लग जुने असतील तर एकत्रच बदलावेत. कॅप शक्यतो पितळी टोकांची घ्यावी.
- वायर एकेक करूनच बदलाव्यात. सगळ्या एकदम काढल्या तर क्रम चुकतो.
- प्लग काढण्याआधी खड्ड्यातलं पाणी आणि कचरा हवेच्या दाबाने साफ करावा.
- रबर बुटाच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्यावा. त्याने ओल आत शिरत नाही.
- पाणी किंवा कुलंट जिथून येतं ती गळती बंद करावी. हे राहिलं तर बाकीचा खर्च वाया जातो.

डब्ल्यूडी-४०सारखा स्प्रे रस्त्यात अडकल्यावर उपयोगी पडतो, कारण तो ओल हटवतो. पण तो तात्पुरता उपाय आहे आणि ज्वलनशीलही, म्हणून चालू किंवा तापलेल्या इंजिनवर मारू नये.

दुर्लक्ष केलं तर?

न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टर प्रचंड तापून आतून वितळू शकतो, आणि तो या सगळ्या सुट्या भागांपेक्षा कितीतरी महाग असतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर हाच धोका समजावा आणि गाडी पळवू नये.

डिझेल ट्रकचं काय?

महाराष्ट्रातले बहुतेक मालवाहू ट्रक डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे वरचं काहीही त्याला लागू होत नाही. पावसाळ्यात डिझेल ट्रक अडखळत असेल तर डिझेलमध्ये पाणी गेलंय का, हे पाहावं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढता येतं. रात्री टाकी भरलेली ठेवली, तर तिच्यात वाफेचं पाणी कमी धरतं.