बालाघाटाची नोंद कोणी ठेवली?

रानफुले पाहायला डोंगरात जायचे म्हटले की कासचे पठार किंवा भीमाशंकरचे जंगल आठवते. बीड जिल्ह्यातील डोंगरांचे नाव सहसा कोणी घेत नाही. उघडे, काटेरी, दुष्काळी अशीच त्यांची ओळख आहे. या डोंगरांत पाहण्यासारखे खरोखरच थोडे आहे, की पाहणारेच थोडे होते? इतिहास तपासला तर दुसरे कारण अधिक बळकट दिसते.

बालाघाटाची रांग हरिश्चंद्रगडाच्या बाजूने फुटून आग्नेयेकडे जाते आणि बीड जिल्ह्याचे दोन भाग पाडते. उत्तरेला गोदावरीकाठची काळी गंगथडी, दक्षिणेला बेसाल्टचे पठार. ‘बाला’ या फारसी शब्दाचा अर्थ ‘वरचा’, म्हणून बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. मांजरा नदी याच पठारावर, पाटोदा तालुक्यात उगम पावते. पाऊस बेताचा, वर्षाला सरासरी सुमारे ६५० ते ७०० मिलिमीटर. त्यामुळे घनदाट अरण्य येथे नाही. येथे आहेत गवताळ माळ, खुरटी झुडपे आणि ओढ्यांच्या कपारींत टिकून राहिलेले पानझडी रान.

दख्खनच्या निसर्गाची पाश्चात्त्य पद्धतीने नोंद सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्यासाठी नेमलेला कर्नल विल्यम साइक्स हा अधिकारी १८२४ पासून काही वर्षे या प्रदेशात हिंडला. भारतीय लांडग्याचे शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ मध्ये केले, आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. पुढे १८३० च्या दशकाच्या अखेरीस टॉमस जर्डन हा लष्करी डॉक्टर जालन्याच्या छावणीत होता. त्याची द्वीपकल्पातील पक्ष्यांची यादी १८३९ पासून मद्रासच्या नियतकालिकात क्रमशः आली. साइक्सच्या कामाच्या टापूतील अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) बीडच्या पश्चिमेला, तर जर्डनचे जालना गोदावरीपलीकडे उत्तरेला. या दोहोंमधला बीडचा मुलूख मात्र निजामाच्या राज्यात होता आणि साइक्सच्या सरकारी कामाच्या हद्दीबाहेर पडत होता.

वनस्पतींच्या बाबतीत ही हद्द आणखी ठळक झाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिकडे गँबल यांनी १९१५ पासून मद्रास इलाख्याचा ग्रंथ लिहायला घेतला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर फिशर यांनी तो १९३६ मध्ये पूर्ण केला. हे दोन्ही ग्रंथ आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतात. पण दोन्हींची मांडणी इलाख्यांच्या सीमांप्रमाणे झालेली होती. हैदराबाद संस्थान दोन्ही इलाख्यांच्या बाहेर, म्हणून बालाघाटाचा मोठा भाग दोन्ही ग्रंथांच्या मधल्या फटीत राहिला. तरवडाला कोणाच्या राज्यात उगवायचे याची फिकीर नसते, परंतु तो नोंदवणाऱ्याचा पगार कोठून येतो यावर नोंद ठरते!

पक्ष्यांची पहिली पद्धतशीर पाहणी हैदराबाद संस्थानात झाली ती १९३१-३२ मध्ये. ती केली डॉ. सलीम अली यांनी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने. तिचे वृत्तांत १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आले. पण संस्थान दोन लाख चौरस किलोमीटरांहून मोठे होते. निवडक ठिकाणी मुक्काम करून एवढ्या प्रदेशाची रूपरेषा समजते. एकेका डोंगराचे बारा महिने त्यातून कळणे शक्य नव्हते.

आणि बालाघाटात बारा महिनेच महत्त्वाचे आहेत. जुन्या काळचे अधिकारी आणि संग्राहक बहुधा थंडीत दौरे काढीत, कारण तेव्हा वाटा कोरड्या असतात. त्या दिवसांत येथील कितीतरी वनस्पती जमिनीखाली कंदाच्या रूपात झोपलेल्या असतात. पहिला दमदार पाऊस झाला की भुईचक्र, कुली, कळलावी यांचे कोंब वर येतात. फुले, फळे आणि पुन्हा कंद असा त्यांचा सारा संसार चार महिन्यांत उरकतो. खर्पुडीची कंदिलासारखी फुलेही याच दिवसांत सापडतात, मात्र गवतात वाकून शोधावी लागतात. तिचे कंद गुराखी खणून खातात, म्हणून ती पाहावी पण उपटू नये.

श्रावण-भाद्रपदात केना, तेरडा आणि कुर्डू माळ भरून टाकतात. नवरात्राच्या सुमारास तरवड पिवळाधमक होतो आणि त्याच्या फुलांची माळ घटावर चढते. पाऊस सरला की कुसळी गवत वाळते आणि कपड्यांत कुसळे टोचू लागतात. एक कुसळ ओले करून तळहातावर ठेवावे. ते पीळ सोडत गोल फिरू लागते. दमट आणि कोरड्या हवेत असे फिरत फिरतच ते आपले बी मातीत रुजवते. वर्गात करून दाखवण्यासारखा, एका पैशाचाही खर्च नसलेला हा प्रयोग आहे.

हिवाळ्यात ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. हे पाहुणे थेट मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून आलेले असतात. माघ-फाल्गुनात पानगळ झालेल्या उतारांवर पळस पेटतो, आणि परतीच्या वाटेवरच्या भोरड्या त्याच्याच फुलांवर तुटून पडतात. वैशाखात बहावा फुलतो. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ मध्ये मोरांसाठी सुमारे ३० चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले. तेथेही ऋतू सांभाळूनच जावे लागते, कारण पावसाळा संपता संपता मोराचा पिसारा गळतो. हिवाळ्यात गेलेल्याला मोर दिसेल, पण पिसाऱ्याविना.

ही ऋतूंची नोंद करण्यासाठी येथेच राहणारा माणूस हवा होता. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९५८ मध्ये औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक वसंत नाईक यांनी १९७९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. १९९८ मध्ये त्यांनी संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. कुक यांच्या ग्रंथानंतर नव्वद वर्षांनी ती फट बऱ्याच अंशी भरली.

नोंद उशिरा झाल्याची किंमत मोजावी लागते. समजा, आज आपण म्हणालो की अमुक माळावर पूर्वी माळढोक असत किंवा खर्पुडी भरपूर होती. किती होती, कोठे होती आणि केव्हापासून कमी झाली, हे सांगायला जुनी नोंद लागते. आष्टी तालुक्याला लागून असलेल्या नगर-सोलापूरच्या माळरानांसाठी १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले, तरीही महाराष्ट्रातून तो पक्षी जवळजवळ नाहीसाच झाला आहे. बालाघाटाच्या माळांची नोंद महसूल दप्तरात आजही गायरान नाही तर पडीक अशी असते. जमीन पडीक ठरली की ती नांगरायला, तेथे परकी झाडे लावायला किंवा पवनचक्क्या उभारायला कोणाची हरकत नसते. लांडगा, खोकड, काळवीट यांना मात्र हाच माळ लागतो. शिवाय जे रानटी दिसते ते सारे मूळचे नसते. बीडच्या ज्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते डोंगरउतारांवर आपोआप वाढते, तरी मूळचे अमेरिका खंडातले आहे. मूळचे कोणते आणि आलेले कोणते, हेही नोंदीवाचून कळत नाही.

हे काम शाळा करू शकतात. कपिलधार, सौताडा, धारूरचा घाट, अंबाजोगाईचा मुकुंदराज परिसर, किंवा शाळेमागची साधी टेकडीसुद्धा चालेल. एकच वाट ठरवावी आणि दर पंधरवड्याला त्याच वाटेने चालावे. वहीत तारीख, ठिकाण, फुललेली झाडे, दिसलेले प्राणी-पक्षी किंवा त्यांचे ठसे आणि विष्ठा लिहावी. शास्त्रीय नाव येत नसेल तर गावातले नाव लिहावे, कारण धनगर आणि लमाण आजी-आजोबांना माहीत असलेली नावे पुस्तकांत नेहमीच सापडत नाहीत. पावश्याची पहिली हाक, पळसाचे पहिले फूल, भोरड्यांचा पहिला थवा यांच्या तारखा दरवर्षी लिहिल्या, तर दहा वर्षांत हवामानबदलाविषयी काही सांगणारी मालिका तयार होते.

एक अडचण बीडच्या शिक्षकांना सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि वर्गातली कित्येक मुले त्यांच्याबरोबर जातात. त्यामुळे पळस फुलतो तेव्हा नोंद करणारे हात निम्मेच उरतात. गावात राहिलेल्या मुलांनी वही चालू ठेवावी, आणि परतलेल्यांनी कारखान्याच्या परिसरात पाहिलेले तिच्यात लिहावे. असे केले तर ती वही तुटणार नाही, आणि परत आलेले मूल वर्गात काहीतरी सांगायला घेऊन येईल.