करवीरची विद्यानगरी : पेठ, वसतिगृहें व त्यांचें दप्तर

कोल्हापुरास विद्यापीठाच्या गांवाचें रूप केव्हां प्राप्त झालें, या प्रश्नाचें रूढ उत्तर इ. स. १९६२ असें आहे. त्या वर्षीं १८ नोव्हेंबर रोजीं राष्ट्रपति डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्तें शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें, व इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरु झाले. कायद्यापुरतें हें उत्तर बरोबर आहे. परंतु कायद्यानें विद्यापीठ होतें, विद्येचें गांव होत नाहीं. परगांवच्या विद्यार्थ्यास रात्रीं पथारी टाकण्यास जागा, दोन वेळचें अन्न आणि वाचण्यास पुस्तक जेथें मिळतें, तें विद्येचें गांव. या दृष्टीनें पाहतां करवीरच्या विद्यापीठाचा पाया साठ वर्षें आधींच घातला गेला होता, व त्यांत शाहूपुरी पेठेचा आणि तिच्या शेजारच्या वसतिगृहांचा वाटा मोठा आहे. या इतिहासाचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत; तीं संग्राहकांच्या नजरेस आणावीं, हा प्रस्तुत लेखाचा हेतु.

करवीर प्रांतीं विद्या नवी नव्हे. शिलाहार दुसरा भोज याच्या राज्यांत शके ११२७ (इ. स. १२०५) मध्यें सोमदेवानें जैनेंद्र व्याकरणाच्या परंपरेंतील ‘शब्दार्णवचंद्रिका’ आजुरिका, म्हणजे हल्लींचें आजरें, येथें रचिली. तिचें रचनास्थान एक जिनालय होतें. व्याकरणकाराच्या निवाऱ्याची व अन्नाची सोय देवालयाकडे असावी, हा त्या काळचा क्रमच होता. पुढें मठ, अन्नसत्र व माधुकरी यांनीं तोच भार वाहिला. माधुकरी मात्र सर्वांच्या पदरीं सारखी पडत नसे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

इंग्रजी विद्येबरोबर हा भार एकदम वाढला. राजाराम कॉलेज इ. स. १८८० मध्यें सुरू झालें. फ्लॉरेन्स येथें इ. स. १८७० मध्यें निवर्तलेल्या राजाराम महाराजांचें नांव त्यास मिळालें. या कॉलेजांत ना. गोपाळ कृष्ण गोखले शिकले. त्यांचे वडील बंधु गोविंदराव हे कागल येथें दरमहा पंधरा रुपयांवर नोकरीस होते, व त्यांतील आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणास पाठवीत. पगाराच्या निम्म्याहून अधिक! गोखल्यांच्या चरित्रकारांनीं ही गोष्ट बंधुप्रेमाची म्हणून सांगितली आहे, आणि ती तशी आहेच. पण इतिहासाच्या अभ्यासकानें तिजकडे जमाखर्चाचें कलम म्हणूनहि पाहावें. ज्या कुणब्याच्या घरांत नोकरी नाहीं व रोकडहि नाहीं, त्याच्या मुलास हे आठ रुपये कोण देणार?

याच सुमारास शहराची वेस पूर्वेकडे सरकूं लागली. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग इ. स. १८९१ मध्यें खुला झाला. त्यापूर्वीं करवीरचा गूळ बैलगाड्यांवर लादून फोंडा, आंबा या घाटांनीं कोंकणांतील बंदरांस उतरत असे. आतां तो आगगाडीनें जाऊं लागला, आणि स्टेशन व जुनें शहर यांच्या मधल्या जागेस मोल आलें. इ. स. १८९४ मध्यें अधिकारसूत्रें हातीं येतांच शाहू छत्रपतींनीं दुसऱ्याच वर्षीं, इ. स. १८९५ मध्यें, या जागीं गुळाची पेठ वसविली व व्यापाऱ्यांस सवलती दिल्या. तीच शाहूपुरी.

नांवाविषयीं दोन शब्द लिहितों. कोल्हापूरच्या जुन्या पेठा वारांच्या नांवांनीं चालतात : मंगळवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. नव्या वस्त्यांस मात्र ‘पुरी’ हें संस्कृत पद लागलें : शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी. शाहूपुरींतील गल्ल्या पहिली, दुसरी, तिसरी अशा अंकांनीं ओळखल्या जातात. अंक हा आंखून वसविलेल्या वस्तीचा पुरावा होय. आपोआप वाढलेल्या गांवांत गल्लीस जातीचें, धंद्याचें किंवा देवाचें नांव पडतें. शाहूपुरींतहि कुंभार गल्ली आहे, आणि ती एकच गल्ली या अंकित पेठेंत जुन्या रीतीची आठवण ठेवून आहे. तालीम हेंहि जुन्या गांवाचेंच अंग. मोतीबाग व गंगावेस या तालमींबरोबर शाहूपुरीच्या तालमीचें नांव आज कुस्तीच्या आखाड्यांत घेतलें जातें.

आतां मुख्य विषय. इ. स. १८९६ मध्यें महाराजांनीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरितां एक वसतिगृह उघडलें. नियम सर्वांस खुला होता, पण व्यवहारांत तें ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतें उरलें. या अनुभवानंतर धोरण पालटलें. इ. स. १८९९ च्या सुमारास पांडू चिमाजी पाटील हा विद्यार्थी कॉलेजसाठीं शहरांत आला असतां त्यास राहण्यास जागा मिळेना. त्याची अडचण भास्करराव जाधव यांनीं महाराजांच्या कानीं घातली. इ. स. १९०१ मध्यें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच वर्षीं जैन, १९०६ मध्यें मुसलमान, १९०७ मध्यें वीरशैव, व १९०८ मध्यें अस्पृश्य मानलेल्या मुलांकरितां मिस क्लार्क बोर्डिंग उभें राहिलें. १९१५ मध्यें सारस्वत व हिंदी ख्रिस्ती समाजाचीं, १९२० मध्यें प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग. यांपैकीं कित्येकांच्या इमारती दसरा चौकाच्या आसपास, शाहूपुरीच्या शेजारींच आहेत. कोल्हापुरास ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात तें यामुळें.

जातवार वसतिगृहांनीं जातिभेद पक्का केला, हा आक्षेप तेव्हांहि होता व आजहि ऐकूं येतो. तो अगदींच निराधार नाहीं. परंतु १८९६ चा प्रयोग डोळ्यांपुढें ठेवला म्हणजे आक्षेपाचें वजन कमी होतें. ज्या काळीं पंक्तीच वेगळ्या, त्या काळीं एका छपराखालीं सर्वांस बोलावणें म्हणजे ज्यांची पंक्ति आधींच बसली आहे त्यांनाच बोलावणें. प्रत्येक समाजानें आपलीं मुलें आपण सांभाळावीं, दरबारानें जागा व अनुदान द्यावें, ही वांटणी शाहू छत्रपतींस व्यवहार्य वाटली. तिचीं फळेंहि दिसतात. जैन बोर्डिंगांत राहिलेल्या भाऊराव पाटलांनीं इ. स. १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था काढली आणि इ. स. १९२४ मध्यें साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एक वसतिगृह चालविलें. करवीरांत जें वेगवेगळें चाललें तें तेथें एका छपराखालीं आलें.

इतर लोकसेवांचा विचार थोडक्यांत करतों. नगर वाचन मंदिराची स्थापना इ. स. १८५० ची, नगरपालिकेची इ. स. १८५४ ची. म्हणजे गांवास ग्रंथालय आधीं मिळालें, नगरपालिका मागून! आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय पुढें छत्रपति प्रमिलाराजे यांच्या नांवानें चालूं लागलें. इ. स. १९१७ मध्यें संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें, आणि वसतिगृहांकडे येणाऱ्या मुलांची रांग वाढली. इ. स. १९०१ च्या शिरगणतींत शहराची वस्ती सुमारें ५४,००० होती. एवढ्याशा गांवांत इतकीं वसतिगृहें, हें प्रमाण लक्षांत घेण्यासारखें आहे.

कॉलेजचे प्राचार्य व ‘शिवाजी दि ग्रेट’ या ग्रंथाचे कर्ते डॉ. बाळकृष्ण यांनीं शिवछत्रपतींच्या नांवाच्या विद्यापीठाची कल्पना मांडली होती. ते इ. स. १९४० मध्यें वारले. संस्थान इ. स. १९४९ मध्यें विलीन झालें. येथील कॉलेजें पुणें विद्यापीठाकडे गेलीं, आणि १९६२ मध्यें सागरमाळावर स्वतंत्र विद्यापीठ झालें. तेव्हां त्याच्या क्षेत्रांत सोलापूर व रत्नागिरी हे जिल्हे होते. आतां कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीनच आहेत. तेथेंहि ‘कमवा आणि शिका’ ही योजना चालते. प्रश्न पुन्हा तोच, राहण्याचा व जेवणाचा.

साधनांकडे वळूं. ब्रह्मपुरीच्या टेकडीचें इ. स. १९४५-४६ मध्यें उत्खनन झालें, तिचें वृत्त छापलें, वस्तु संग्रहालयांत गेल्या. ताराबाईकालीन कागदपत्रें डॉ. पवारांनीं संपादून प्रसिद्ध केलीं. ताम्रपट, सनदा, बखरी यांस मोल आहे हें सर्व जाणतात, आणि बाजारहि जाणतो. वसतिगृहाच्या कोठीची वही मात्र कोणी पोथीच्या बासनांत बांधीत नाहीं. किती तांदूळ आला, कोणीं दिला, कोणत्या गांवचा मुलगा केव्हां दाखल झाला व केव्हां नांव काढून गेला, हें त्या वहींतच असतें. शाहूपुरीच्या अडत दुकानांच्या कीर्दी-खतावण्यांची तीच कथा. गुळाचे सौदे मार्केट यार्डांत गेले, दुकानांच्या जागीं दुसऱ्या इमारती उठल्या, आणि वह्या वजनावर रद्दींत गेल्या.

शिवाय पाणी आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट धरतात. इ. स. १९८९ व २००५ चे पूर लोकांच्या स्मरणांत आहेत. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. शाहूपुरीच्या कुंभार गल्लींत तें घरांत शिरलें व गणपतीच्या मूर्ति विरघळल्या. मूर्ति पुढच्या वर्षीं पुन्हा घडतात. देशी शाईनें लिहिलेली जमाखर्चाची वही एकदां भिजून चिकटली म्हणजे तिचीं पानें सुटत नाहींत.

तरी ज्यांच्या माळ्यावर वा पेटाऱ्यांत शाहूपुरींतील जागेचे दाखले, अडतीच्या कीर्दी, वसतिगृहांचीं दाखलपुस्तकें, भोजनखर्चाचे तक्ते, अगर वडिलांनीं बोर्डिंगांतून घरीं लिहिलेलीं पत्रें असतील, त्यांनीं तीं तळघरांत ठेवूं नयेत. मोडी वाचतां येत नाहीं म्हणून टाकूं नयेत. वाचणारे अजून आहेत. पत्रांच्या तारखा व गांवांची नांवें एका कागदावर उतरून मंडळाकडे धाडलीं तरी यादी करण्याचें काम सुरू होईल. मूळ कागद मालकाकडेच राहूं द्यावे, फक्त ते माळ्यावरच्या उंच फळीवर असावे.