श्रूजबरीचं माहेर

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सरहद्दीजवळ, सेव्हर्न नदीच्या वळणात वसलेलं श्रूजबरी नावाचं गाव आहे. चार्ल्स डार्विन तिथला. तो ज्या शाळेत शिकला त्या जुन्या इमारतीत आता गावची लायब्ररी आहे. तिच्याजवळच कासल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक पाटी लावलेली आहे. पेलिन नावाच्या कारागिरानं याच जागेवर १७६० साली, स्वतःच्या मूळ कृतीनं, श्रूजबरी केक, म्हणजे एक प्रकारची बिस्किटंच, पहिल्यांदा बनवले, असं ती पाटी सांगते. पाटीवर लिहिलंय म्हणजे विषय संपला, या संस्कारात वाढलेल्या पुणेकराला हा पुरावा पुरेसा वाटावा. पुण्याच्या कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवर रांगेत उभं राहून आपण बिस्किटांची जी खोकी घेतो, त्यांच्यावरचं नाव या गावाचं. त्यातल्या ‘बेरी’चा कुठल्याही फळाशी संबंध नाही. गावाचा उच्चार श्रूजबरी की श्रोजबरी यावर खुद्द गावकऱ्यांचंही अजून एकमत नाही, तेव्हा आपण ‘श्रूसबेरी’ म्हणतो याची लाज वाटायचं कारण नाही.

पाटी खोटी आहे असं म्हणवत नाही, पण जन्मसाल साफ चुकलेलं आहे. १६०२ साली एडवर्ड हर्बर्ट नावाच्या तरुणानं आपल्या कायदेशीर पालकांना हाच केक भेट म्हणून धाडला होता. हा फक्त श्रूजबरीत होतो, असं त्यानं सोबत कळवलं. आणि पदार्थ ठिसूळ आहे त्यावरून माझं प्रेम जोखू नका, तो वाटोळा आहे तिकडे लक्ष द्या, अशी मखलाशीही केली. पुढे हाच हर्बर्ट चर्बरीचा लॉर्ड आणि तत्त्वज्ञ म्हणून नावाजला. म्हणजे पेलिनच्या दीडशे वर्षं आधी ही वस्तू प्रसिद्ध होती, गोल होती आणि हातात धरली की मोडत होती. १७०० साली विल्यम काँग्रीव्हच्या ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ या नाटकात तिच्या खुसखुशीतपणावर कोटी आहे. नाटकातली कोटी प्रेक्षकांना कळावी लागते, तेव्हा लंडनलाही हा केक चांगला ठाऊक असणार. पेलिनचं नाव गाजलं ते एकोणिसाव्या शतकात, रिचर्ड बारम यांच्या ‘इंगोल्ड्सबी लेजंड्स’मधल्या एका विनोदी कवितेमुळे. कवीनं तारीफ केली आणि कृतीची मालकी पेलिनच्या नावावर चढली.

खरा दाखला पुस्तकांत आहे. १६५५ साली लंडनमध्ये ‘द क्वीन्स क्लॉझेट ओपन्ड’ नावाचं पुस्तक निघालं. राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद होऊन सहा वर्षं झाली होती, राणी हेन्रिएटा मरिया फ्रान्समध्ये परागंदा होती, इंग्लंडवर क्रॉमवेलची सत्ता होती. अशा वेळी राणीच्या खासगी कपाटातल्या कृती म्हणून हे पुस्तक विकायला आलं आणि धडाक्यात खपलं. औषधं, मुरंबे आणि स्वयंपाक असे त्याचे तीन भाग. स्वयंपाकाच्या भागाचं नाव ‘द कंप्लीट कुक’, आणि त्याच्या १६५८च्या छपाईत श्रूजबरी केकची कृती आहे.

ही कृती मला फार आवडते, कारण ती लिहिणाऱ्या माणसानं पीठ हातात घेतलेलं आहे. दोन पौंड पीठ भट्टीत वाळवायचं आणि वाळवल्यानंतर तोलायचं. ओलसर हवेत पीठ पाणी धरतं, आधी तोललं तर माप चुकतं, हे त्याला ठाऊक आहे. एक पौंड लोणी तास-दोन तास गुलाबपाण्यात ठेवायचं, मग पाणी ओतून द्यायचं. त्या काळी लोणी टिकावं म्हणून खारवत, तेव्हा वास लागण्याबरोबर थोडा खारटपणाही उतरत असणार. पाऊण पौंड साखर, पाच अंडी, चिमूटभर मीठ आणि किसलेली सुंठ, तीही चांगली दोन कुडी. मळून लाटायचं, वाडग्याच्या काठानं गोल कापायचं, आणि लाकडी टोच्यानं टोचायचं. पुढची सूचना वाचून मी पुस्तक मिटून हसलो: न वापरलेला कंगवा घरात असेल तर त्यानं हे काम झटपट होतं. ‘न वापरलेला’ हे मुद्दाम सांगावं लागलं, यावरून त्या काळच्या स्वयंपाकघरांची कल्पना करावी.

पाव मापानं हे सहज घरी होतं. २२५ ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम लोणी, ८५ ग्रॅम साखर, एक मोठं अंडं. १६० अंशांवर कडा जराशा रंगेपर्यंत भाजायचं. कंगवा खरोखरच उत्तम चालतो. दात सारख्या अंतरावर असल्यामुळे वाफ सगळीकडून सारखी निघते आणि बिस्किट फुगून वाकडं होत नाही. चवीचं म्हणाल तर पहिल्या घासाला पुणेकराचा हिरमोड होतो. हे बिस्किट कडक असतं. पिठाच्या निम्मंच लोणी आणि वर अंडी, म्हणजे मोहन कमी आणि बांधणूक जास्त. तोंडात विरघळणार कसं? सुंठ मात्र चहाबरोबर छान उतरते, आणि गुलाबाचा वास दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर जास्त जाणवतो.

यानंतरचा प्रवास नकलांचा आहे. १७२७च्या एलिझा स्मिथ यांच्या ‘द कंप्लीट हाउसवाइफ’मध्ये सुंठ गेली, जायफळ आणि दालचिनी आली, तीन पौंड पिठाला एक पौंड साखर, तीन अंडी, आणि वितळवलेलं लोणी लागेल तेवढं. १८०६मध्ये मारिया रंडेल यांचं ‘अ न्यू सिस्टिम ऑफ डोमेस्टिक कुकरी’ आलं. त्यात पुन्हा तीन पौंड पीठ, एक पौंड साखर, तीन अंडी, जायफळ, दालचिनी. वाक्यांची वळणंसुद्धा जवळपास तीच, फक्त थोडं गुलाबपाणी परत आलं. ऐंशी वर्षांत बदल काय तर एक चमचा. याला कोणी चोरी म्हणत नसे. हॅना ग्लास यांचं १७४७चं ‘द आर्ट ऑफ कुकरी’ म्हणजे इंग्रजी पाकपुस्तकांतलं मानाचं पान. ‘इंडियन पद्धतीची करी’ इंग्रजांना छापून दिली ती त्यांनीच. त्यांच्या ९७२ कृतींपैकी ३४२ दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललेल्या किंवा बेतलेल्या आहेत, असं अभ्यासकांनी मोजून दाखवलं आहे. त्यामुळे ‘मूळ कृती’ हा शब्द कुठे दिसला, पाटीवर असो की पुडक्यावर, की मी जरा सावध होतो. मूळ कृती म्हणून जी दाखवतात, ती बहुधा कुणाची तरी सुधारून वाढवलेली आवृत्ती असते.

आज आपण कृती म्हणून जे ओळखतो, वर सामान आणि खाली पद्धत, ते रूप यायला अजून वेळ होता. १८४५मध्ये एलिझा ॲक्टन यांनी जिन्नस आणि वेळ वेगळे काढून कृतीच्या शेवटी दिले. १८६१मध्ये इझाबेला बीटन यांनी जिन्नस सुरुवातीला आणले, ॲक्टनबाईंच्या कृतीही बऱ्याच आणल्या, आणि पहिल्याच वर्षात ६०,००० प्रती खपवल्या. बीटनबाई अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. चित्रांवरून आपण त्यांना आजीबाई समजतो. भट्टीच्या उष्णतेचा आकडा मात्र त्यांनाही देता आला नाही. ‘मंद भट्टी’, ‘तेज भट्टी’ एवढंच. कागद किंवा पीठ आत टाकून किती वेळात तांबूस होतं ते पाहायचं. १९२३ साली ‘रेग्युलो’ नावाचं उष्णता राखणारं यंत्र गॅसच्या शेगडीला लागलं, तेव्हा कुठे घरोघरी आकडा पाहून भाजता येऊ लागलं. ब्रिटिश पुस्तकांत आजही ‘गॅस मार्क ४’ असं छापतात ते तिथून आलं.

त्याच वर्षी न्यूकॅसलच्या टॉमस बेल यांच्या कंपनीनं आपल्या ‘बी-रो’ पिठाची पाकपुस्तिका काढली. प्रदर्शनांत आयते फुगणाऱ्या पिठाचे केक लोकांना खिलवायचे आणि वर पुस्तिका हातात ठेवायची, असा हिशेब. ब्रिटनमधल्या कुठल्याही जुन्या घरात स्वयंपाकघराचा खण उघडला की तेलकट डागांची अशी एखादी पुस्तिका निघते, आपल्याकडे जिल्द निखळलेली ‘रुचिरा’ निघते तशी. सेकंडहँड दुकानात मी अशा पुस्तकांचे डाग आधी पाहतो. ज्या पानावर लोण्याचा ठसा आहे ती कृती त्या घरात होत होती. कोरी पानं नुसतीच चाळलेली.

आणि पुणं? १८१८नंतर इथं कॅम्प वसला, साहेबांची घरं आली, त्यांच्या चहाबरोबर पाव-बिस्किटं आली. इराणमधून आलेल्या जरथुश्त्री मंडळींनी भट्ट्या आणि कॅफे काढले. १९५५ साली ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी सुरू झाली. तारखेची गंमत अशी, की ब्रिटनमध्ये युद्धकाळात, जानेवारी १९४० मध्ये, लोण्याचं रेशनिंग लागलं आणि ते मे १९५४ मध्ये उठलं. चौदा वर्षं तिथल्या गृहिणी आठवड्याला माणशी थोडक्या औंसांच्या लोण्यात पावाला लावायचं की केकमध्ये घालायचं याचा विचार करत होत्या. लोण्याच्या बिस्किटाला यापेक्षा वाईट दिवस नव्हते. रेशन उठल्याच्या पुढच्याच वर्षी पुण्यात ही बेकरी उघडली, आणि श्रूजबरी हे नाव एका वेगळ्याच बिस्किटावर नांदू लागलं.

वेगळंच, कारण पुण्याच्या बिस्किटात ना सुंठ, ना जायफळ, ना गुलाबपाणी. आजच्या इंग्रजी पुस्तकांतल्या श्रूजबरीत लिंबाची साल आणि बेदाण्याच्या जातीचे काळे करंट असतात; पुण्यात तेही नाहीत. आपल्या बिस्किटाच्या अंगावर भेगा, दाताखाली साखर, आणि बाकी सगळा लोण्याचा कारभार. मसाल्यांसाठी अर्धं जग पालथं घालणाऱ्या इंग्रजांच्या पुस्तकात या बिस्किटाला पूर्वेचा वास होता, आणि मसाल्यांच्या मुलखात येताच त्यानं तो टाकला. इथे ती जागा नानकटाईनं आधीच घेतलेली होती. जायफळ-वेलचीचं पीठ डब्यात भरून सुट्टीत कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजायला नेणं, पत्रे आपलेच परत आले ना यावर डोळा ठेवून तिथेच घोटाळणं, हे अनेक घरांनी केलेलं आहे. श्रूजबरी मात्र विकत आणायची गोष्ट राहिली. म्हणूनच की काय, तिची घरगुती कृती मराठी घरांत पक्की झाली नाही. जो तो अंदाजानं करतो आणि ‘कयानीसारखी नाही झाली’ म्हणतो.

ब्रिटनमधल्या जाणकारांना श्रूजबरीबद्दल विचारलं तर ते १७व्या शतकातलं पुस्तक दाखवतील. अशा पुस्तकांची लीड्सच्या विद्यापीठात मोठी पुंजी आहे. ब्लांच ली या बाईंनी १९३९ साली आपला संग्रह तिथे देऊन टाकला, १९६२ साली जॉन प्रेस्टन यांच्या संग्रहाची भर पडली. पण ब्रिटनमधल्या मराठी घरांत चहाबरोबर जी श्रूजबरी येते, ती बहुतेक वेळा पुण्याहून बॅगेत आलेली असते. कपड्यांच्या मध्ये, चुरा होऊ नये म्हणून टॉवेलात गुंडाळून. ब्रिटनच्या कस्टमचा नियम दुधाच्या पदार्थांना आडवा येतो. पेढे, बर्फी, श्रीखंड चालत नाही. बिस्किटं चालतात. त्यामुळे सातारचे कंदी पेढे विमानतळावर जप्त होऊ शकतात, आणि ईस्ट स्ट्रीटचं खोकं मात्र बिनबोभाट माहेरी पोचतं.