अपेक्षित उत्तराचा रकाना

अंधेरी पूर्वेच्या मरोळ एमआयडीसीत १९७३ साली सीप्झ सुरू झालं, तेव्हा तिथे फक्त इलेक्ट्रॉनिक माल बनवून परदेशी पाठवायचा होता. पूर्ण नावात सांताक्रूझ असलं तरी जागा अंधेरीची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टाटा बरोज तिथे आली आणि माल म्हणून सॉफ्टवेअर बाहेर जाऊ लागलं. पुढे टीसीएस, पटणी, मास्टेक आल्या, दागिन्यांचे कारखाने आले. या परिसराबद्दल जे लिहिलं जातं ते कंपन्यांबद्दल, फार तर प्रोग्रॅमरांबद्दल. त्यांचं काम तपासणाऱ्यांबद्दल वाचायला मिळत नाही, आणि माझी सगळी नोकरी त्याच कामात गेली.

मी लागले ती वायटूकेच्या लाटेत. मुलुंडहून घाटकोपर, तिथून बसने साकीनाक्याची कोंडी पार करत सीप्झ. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे साठवलेले असत. ९९ नंतर ०० आलं की मशीन १९०० समजणार. आम्ही मशीनचं घड्याळ ३१ डिसेंबर १९९९ वर नेऊन मध्यरात्र ओलांडू द्यायचो. २९ फेब्रुवारी २००० ही दुसरी अडचणीची तारीख. शतकाचं वर्ष लीप नसतं, पण ४०० ने भाग जाणारं असतं. यातला अर्धाच नियम पाळणारा प्रोग्रॅम तिथे हमखास आपटायचा.

आमच्या मॅडम मेनफ्रेमच्या काळातल्या. त्यांच्या उमेदीत मशीनचा वेळ वाटून मिळायचा आणि निकाल छापील कागदावर हाती यायचा. त्यामुळे प्रोग्रॅम चालवण्याआधीच उत्तर काय यायला हवं ते हाताने काढून ठेवायची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती. आमच्या टेस्ट केसच्या तक्त्यात ‘अपेक्षित’ हा रकाना रिकामा दिसला की त्या तक्ता तसाच परत द्यायच्या. ग्लेनफर्ड मायर्स यांच्या १९७९ च्या ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ या पुस्तकात तत्त्वांच्या यादीत हेच पहिलं आहे, हे मला फार नंतर कळलं. मॅडमनी ते कामातूनच शिकवलं होतं.

सीप्झच्या इतिहासातलं या शिस्तीचं मला सर्वात आवडणारं उदाहरण लंडनचं आहे. १७ फेब्रुवारी २००३ ला तिथे शहराच्या मध्यभागी गाडी आणण्यावर कर सुरू झाला. कंत्राट कॅपिटाकडे होतं, सॉफ्टवेअर मास्टेकचं. मी त्या कामावर नव्हते, पण तेव्हाचे नियम पाहिले की कुठल्याही टेस्टरचे हात शिवशिवतील. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा, पाच पौंड. रात्री दहापर्यंत भरले तर पाच, त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत दहा. सगळ्या यंत्रणेच्या मुळाशी एकच प्रश्न: या नंबरच्या गाडीने या तारखेचा कर भरला का? नऊ एकोणसाठला काय उत्तर यावं, ठीक दहाला काय, दहा वाजून एक मिनिटाने काय? त्यात लंडनचे रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच, कारण तिथलं घड्याळ वर्षातून दोनदा हलतं.

त्या सुमारास टेस्ट आपोआप चालवायची म्हणजे मर्क्युरीचं विनरनर. माणसाचे क्लिक नोंदवायचे आणि तेच पुन्हा घडवायचे. बटण जागचं हललं की स्क्रिप्ट कोसळायची. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्सच्या जेसन हगिन्स यांनी सेलेनियमची सुरुवात केली. ते फुकट मिळू लागलं आणि लायसन्ससाठी रांग लावायची गरज उरली नाही. पण तेही ब्राउझरच्या पडद्यावरूनच काम करायचं, आणि पडद्यावर सगळं दिसतं असं नाही.

याचा धडा मला ‘ऱ्ह’ने दिला. एका पतसंस्थेच्या सभासद-शोधाचं काम होतं. ‘कुऱ्हाडे’ शोधलं की काही सभासद मिळायचे, काही नाही. पडद्यावर दोन्हींची आडनावं हुबेहूब सारखी. युनिकोडमध्ये ‘ऱ्ह’मधलं अर्धं अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: एकात ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. कीबोर्ड बदलला की साठवण बदलते, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. हे डोळ्यांनी सापडणं शक्यच नव्हतं. पडद्यामागे प्रोग्रॅम ज्या वाटेने माहिती मागतो त्या एपीआयला थेट विचारलं, आलेल्या उत्तरातल्या अक्षरांचे कोड पाहिले, तेव्हा उलगडलं. मग टेस्ट लिहिली: दोन्ही रूपांचा एकेक सभासद घाला, दोन्ही रूपांनी शोधा, दोन्ही वेळा दोघेही मिळायला हवेत. मराठी नावं शोधणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत ही टेस्ट असलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दुसरी हवीच अशी टेस्ट पानांची. यादी वीस-वीसच्या पानांनी येते, तारखेप्रमाणे लावलेली. एकाच तारखेच्या नोंदी पुष्कळ असल्या तर त्यांचा आपसातला क्रम दर वेळी तोच राहील याची डेटाबेस हमी देत नाही. मग एक नोंद दोन्ही पानांवर येते आणि दुसरी कुठेच येत नाही. प्रत्येक पान वेगळं पाहिलं तर ठीकच दिसतं. म्हणून मुद्दाम एकाच तारखेच्या नोंदी घालायच्या, सगळी पानं मागवायची आणि नोंदींचे क्रमांक मोजायचे. शेजारच्या दागिन्यांच्या कारखान्यात कारागिराला सोनं तोलून देतात आणि तोलून परत घेतात, तसं. उपायही सोपा आहे: तारखेनंतर नोंद-क्रमांकानेही क्रम लावायचा.

२०१५ मध्ये फेसबुकने ग्राफक्यूएल खुलं केल्यावर काम आणखी पसरलं. त्यात एपीआयकडून काय-काय हवं ते विचारणाराच ठरवतो, त्यामुळे संभाव्य प्रश्नांना अंतच नाही. कोणते प्रश्न तपासायचे ही निवड टेस्टरची, आणि ती करायला त्या धंद्याची माहिती लागते. बँकेच्या व्याजाचा हिशेब ज्याला येत नाही, त्याला व्याजाची टेस्ट लिहिता येणार नाही.

साधनं आता भरपूर आहेत. बंगळुरूत पोस्टमन घडलं, तिथल्याच इंट्यूटमधून २०१७ मध्ये कराटे खुलं झालं. हल्ली एआयला सांगितलं की क्षणात ढीगभर टेस्ट तयार होतात. त्यांतल्या बऱ्याच टेस्टमध्ये एपीआयने आज दिलेलं उत्तरच उचलून अपेक्षित म्हणून ठेवलेलं असतं. उत्तर चुकीचं असलं तरी टेस्ट पास होते, आणि उद्या कुणी चूक दुरुस्त केली की फेल होते. मला याची खरंच काळजी वाटते. आमच्याकडच्या मुलामुलींच्या टेस्ट माझ्याकडे बघायला येतात तेव्हा मी अपेक्षित आकड्यावर बोट ठेवून विचारते, हा कुठून आला? नियमातून हाताने काढलेला असेल तर पुढे जाते. रिस्पॉन्समधून चिकटवलेला असेल तर टेस्ट परत पाठवते.