मोतीबिंदू आणि डोळ्याचा पडदा

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये उभे राहिले. त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारण्याची क्रिया सांगितलेली होती. पुढे डोळ्यातील गढूळ भिंग बाहेर काढण्याची रीत आली. आणि ज्या १९४९ साली कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले, त्याच साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवून पाहिले.

परंतु येथे एक नवी अडचण उभी राहिली. डोळ्याचा दर्शनी, काचेसारखा पडदा आतील बाजूच्या पेशींच्या एकाच थरामुळे निर्मळ राहतो. या पेशी प्रौढपणी दर चौरस मिलिमीटरला सुमारे अडीच हजार असतात, आणि गेलेल्या पेशी भरून येत नाहीत. भिंग वा हत्यार त्यांना घासले की त्या मरतात. फार मेल्या म्हणजे पडदा सुजून पांढुरका होतो. मोतीबिंदू जातो, पण दृष्टी येत नाही.

यावरील उपाय डोळ्यातच दडलेला होता. १९३४ मध्ये कार्ल मेयर व जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतून हायलुरोनिक आम्ल वेगळे केले. एंद्रे बालाझ यांनी ते कोंबड्यांच्या तुऱ्यांतून शुद्ध करून घेतले, आणि १९८० च्या सुमारास ‘हीलॉन’ नावाने ते शल्यविशारदांच्या हाती आले. हा जेल डोळ्यातील पोकळी उत्तम धरतो व एकसंध बाहेर निघतो. मात्र तो महाग, आणि थंड जागी जपावा लागणारा.

दुसरा जेल वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेला. तो स्वस्त, शीतपेटीवाचून टिकणारा आणि पेशींवर लेप देणारा. पण पोकळी तितकी धरीत नाही. तिसऱ्यात हायलुरोनेटबरोबर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट असते. त्याचा लेप चिवट, म्हणून काढण्यास वेळ लागतो. कोणताही जेल आत राहिला तर डोळ्याचा दाब वाढतो, हे तिघांनाही लागू.

मग श्रेष्ठ कोणता? साध्या मोतीबिंदूत कुशल हाताला स्वस्त जेलही पुरतो. भिंग दगडासारखे कठीण झाले, वा पेशी आधीच विरळ असल्या, की चिवट लेपाची गरज पडते. ‘पिकू द्या, मग काढू’ म्हणत आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरकडील कष्टकरी माणूस थांबतो, तेव्हा तो नेमकी हीच गरज ओढवून घेतो. पैसे वाचविण्यासाठी केलेला उशीर असा महागात पडतो.