एकट्या पोरासाठी शाळा कशाला?

जून 1856. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे कारभार मुंबईचाच. पोरगं गप्प बसलं नाही. त्याने सरकारकडे अर्ज केला.

सरकारचं उत्तर 21 जुलैला आलं. बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात ते आहे, मी तिथेच वाचलं. सरकार कबूल करतं की न्याय या मुलाच्या बाजूने आहे. पण पुढे म्हणतं, आजवर प्रवेश मागायला आलेला हा एकटाच. एकट्यासाठी बाकीची मुलं शाळा सोडून गेली तर शाळेचा उपयोग काय?

बघा, जातीचं नावसुद्धा न घेता नकार देता येतो. नुसता हिशोब मांडायचा.

वर हा निर्णय पटला नाही. 1858 मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी कळवलं की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सगळ्यांना खुल्या. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात काय झालं? 1900 साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत छोटा भीमराव स्वतःचं गोणपाट घेऊन कोपऱ्यात बसत होता. शिपाई असला तरच पाणी. हुकूम निघून 42 वर्षं झाली होती!

आणि पैसा कुणाचा? 1860च्या दशकात इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. भरणारा शेतकरी. जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे नेमकं हेच मांडलं: महसूल रयतेच्या घामाचा, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शाळा वाढवा, शिक्षण सक्तीचं करा, असं ते सांगत होते. शाहू महाराजांनी 1917 ला कोल्हापुरात ते करून दाखवलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून सगळ्यांना एकत्र बसवलं. एका संस्थानाला जमलं ते इलाख्याच्या सरकारला का जमलं नाही, याचं उत्तर पैशात नाही सापडत.

हे आत्ता का लिहितोय? सप्टेंबर 2023 मध्ये राज्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्यासाठी प्रस्ताव मागवले. कारणं वाचली. मुलं कमी, खर्च जास्त, मोठ्या शाळेत सोयी चांगल्या. यातलं सगळंच खोटं नाही. चार पोरांच्या वर्गात खेळाचा संघसुद्धा होत नाही, हे मलाही कळतं. पण कमी पट असतो कुठे? वाडीवर, पाड्यावर, तांड्यावर. शहरातल्या कॉलनीत नाही. आणि नियम म्हणतो पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी.

1856 ला 'एकटाच आहे' म्हणाले, आता 'अकराच आहेत' म्हणतात. बस देऊ म्हणतात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यावर बस कुठे थांबणार, आणि पाचवीतल्या मुलीला तिथून कोण आणणार?

तुमच्या ग्रामसभेत हा विषय आला तर एवढं नक्की विचारा: बसचं पत्र लेखी आहे का, आणि किती वर्षांसाठी?