थोडी रस्त्यावर, थोडी मातीत

तीन महिने एक्सेल शीट भरल्यावर मागच्या वीकांताला शेवटी मोटरसायकल घेतली. बायकोच्या मते एवढ्या वेळात घर घेऊन झालं असतं. तिचंही बरोबर आहे. पण झालं असं की किमती बघता बघता मी इतिहासात शिरलो, आणि एकदा शिरलो की मला लवकर बाहेर पडता येत नाही, हे तुम्हाला एव्हाना माहीत आहेच.

अट साधी होती. ऑफिसला नेता यावी आणि शनिवारी ओरेगनच्या जंगलातल्या मातीच्या रस्त्यांवरही घालता यावी. बजेट पाच हजार डॉलर, सगळं धरून. अशा गाडीला इथे ड्युअल स्पोर्ट म्हणतात. नंबरप्लेट, दिवे, आरसे, इंडिकेटर असल्यामुळे ती रस्त्यावर कायदेशीर असते. पण पुढचं चाक मोठं, सस्पेन्शन लांब आणि सायलेन्सर शक्यतो वर. अमेरिकेत अशी स्वस्त गाडी शोधायला निघालात की काही दिवसांत लक्षात येतं की यादीतली झाडून सगळी नावं बाहेरची आहेत. मोटरसायकलचा एवढा अभिमान असलेला हा देश, हार्लेचा देश, आणि मातीत जायला मात्र साठ वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांवर बसतोय. असं का झालं?

सुरुवात एका फसलेल्या अंदाजापासून होते. होंडाने १९५९ मध्ये लॉस एंजेलिसला दुकान थाटलं तेव्हा सुपर कब, म्हणजे ती ५० सीसीची छोटी गाडी, शहरात फिरायला म्हणून विकायची असा बेत होता. पण आयडाहोमधल्या बॉइझी गावचा एक डीलर या गाड्या लॉस एंजेलिसवाल्यांपेक्षा जास्त विकायला लागला. हा गडी करत काय होता? मागे भलंमोठं स्प्रॉकेट बसवायचा, खडबडीत टायर टाकायचा आणि डोंगरात शिकारीला, मासेमारीला जाणाऱ्यांना ती विकायचा. वेग गेला खड्ड्यात, गाडी चढ चढते ना, बस्स! होंडाने ही कल्पना मुकाट्याने उचलली आणि १९६१ मध्ये कारखान्यातूनच ट्रेल ५० आणली. गिऱ्हाईक गाडीचं काय करतंय हे बघून प्रॉडक्ट बदलणं आमच्या धंद्यात फार मोठी अक्कल मानतात, त्यावर पॉवरपॉइंट होतात. बॉइझीच्या त्या माणसाने ते पान्याने करून दाखवलं होतं.

हे वाचताना मला फलटणकडचे दूधवाले आठवले. राजदूत १७५ ही मूळची पोलंडची एसएचएल. मातीच्या रस्त्यासाठी म्हणून ती कोणी खास बनवली नव्हती. पण दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून, ओढ्यातून, ढेकळांतून तिला जे पळवायचे ते बघितल्यावर ड्युअल स्पोर्ट हा शब्द मला नवीन वाटला, गाडी नाही.

१९६२ साली दुसरी गोष्ट घडली. होंडाने सीएल ७२ नावाची २५० सीसीची स्क्रॅम्बलर आणली होती. ती टिकाऊ आहे हे सिद्ध कसं करायचं? डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर या दोघांना मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात सोडलं. टिहुआनाहून निघून खाली ला पाझपर्यंत जायचं, जवळजवळ हजार मैल. त्या वेळी तिथे रस्ता म्हणजे बहुतेक माती, वाळू आणि दगड. सलग डांबरी महामार्ग व्हायला १९७३ उजाडलं. दोन्ही टोकांच्या तार ऑफिसातून तार करायची, तीच वेळेची नोंद. एकिन्स चाळीस तासांच्या आत पोचला, रॉबर्टसन त्याच्यामागून तासाभरात. याच वाटेवर पुढे १९६७ पासून शर्यत सुरू झाली, ती आज बाहा १००० म्हणून ओळखली जाते. जपानी गाडी म्हणजे खेळणं, हा समज मोडायला या प्रवासाची जेवढी मदत झाली तेवढी जाहिरातींची झाली नसेल.

तरीही सीएल ७२ म्हणजे मुळात रस्त्याचीच गाडी, सायलेन्सर वर केलेली. दुसरीकडे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात लोक ब्रिटिश ट्रायम्फचे दिवे-मडगार्ड काढून ती धुडं पळवत होते, आणि ज्यांच्याकडे पैसे होते ते युरोपातल्या हलक्या टू-स्ट्रोक गाड्या घेत होते. सामान्य माणसासाठी मधलं काहीच नव्हतं. यामाहाच्या अमेरिकेतल्या लोकांनी हे जपानला कळवलं, आणि ऑक्टोबर १९६७ च्या टोकियो मोटर शोमध्ये डीटी-१ दिसली. २४६ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, वजन अवघं ११० किलोच्या आसपास. १९६८ मध्ये ती अमेरिकेत आली आणि पहिल्या वर्षासाठी ठेवलेल्या सगळ्या गाड्या उडाल्या. सोमवारी कामावर, रविवारी टेकडीवर. आज ड्युअल स्पोर्ट म्हणून जे काही मिळतं, त्याचा आराखडा इथे ठरला. तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, ब्रूस ब्राउनचा 'ऑन एनी संडे' हा माहितीपट आला, त्यात स्टीव्ह मॅक्वीन, आणि मग काय विचारता. १९७३ च्या सुमाराला अमेरिकेत वर्षाला १५ लाखांच्या घरात मोटरसायकली विकल्या जात होत्या.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, आणि ती माझ्या घरापासून चार तासांवर घडली. ओरेगनच्या पूर्वेला, पेंडलटनच्या पुढे, अथीना नावाचं हजारेक वस्तीचं गाव आहे. चहूकडे गव्हाची शेतं, दुसरं काही नाही. साठच्या दशकात इथल्या शेतीमालाच्या व्यापारातल्या मंडळींनी पॅसिफिक बेसिन ट्रेडिंग कंपनी काढली, थोडक्यात पबॅटको, आणि ती जपानहून यामागुची नावाच्या मोटरसायकली मागवू लागली. १९६३ मध्ये यामागुची बुडाली. आता गाड्या नाहीत, सुटे भाग नाहीत आणि दारात गिऱ्हाइकं. यामागुचीला इंजिनं पुरवणारी होडाका नावाची कंपनी होती. अथीनाकरांनी तिला गाठलं आणि सांगितलं, गाडी कशी हवी ते आम्ही सांगतो, तुम्ही बनवा. १९६४ मध्ये एस ९० आली. रचनेच्या कल्पना ओरेगनच्या गव्हाच्या शेतातल्या, हात जपानचे. पुढच्या मॉडेल्सची नावं ऐका: सुपर रॅट, कॉम्बॅट वॉम्बॅट, रोड टोड, डर्ट स्क्वर्ट. मार्केटिंगवाल्यांची समिती नसली की अशी नावं सुचतात.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी होडाका संपली. पण मी जे शिकलो ते इथे शिकलो. आयात केलेली गाडी बनवणाऱ्याच्या जिवावर जगते असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे ती आयात करणाऱ्याच्या जिवावर जगते. तो उभा राहिला तर बुडालेल्या कंपनीची गिऱ्हाइकंही तरतात. तो गेला की चांगली गाडीसुद्धा गॅरेजमधली अडगळ होते. माझ्या एका मित्राने अशीच एक स्वस्त आयात गाडी घेतली होती, नाव लिहीत नाही. दीड वर्षात आयातदाराने फोन उचलणं बंद केलं. एका क्लच केबलसाठी आणि एका इलेक्ट्रिक डब्यासाठी ती गाडी दोन पावसाळे ताडपत्रीखाली बसून होती, आणि शेवटी त्याने ती सहाशे डॉलरला देऊन टाकली. माझ्या शीटमध्ये तोपर्यंत 'किंमत' हा एकच रकाना ठळक होता. त्यानंतर 'सुटे भाग कोण देणार' हा आला.

कायद्यांनीही या गाड्यांना आकार दिला. १९७४ पासून अमेरिकेने गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या पायाला सक्तीचा केला. आपल्याकडे बुलेटचा गिअर त्यानंतर कितीतरी वर्षं उजवीकडेच होता, त्यामुळे आमच्या काकांच्या बुलेटवर बसलेला प्रत्येक पाहुणा गिअर टाकायला जाऊन ब्रेक दाबायचा. मग १९७८ च्या मॉडेल्सपासून धुराचे नियम लागू झाले आणि रस्त्यावरच्या टू-स्ट्रोकचे दिवस भरले. होंडाने एक्सएल २५० हे फोर-स्ट्रोक इंजिन १९७२ मध्येच आणून ठेवलं होतं, यामाहाची एक्सटी ५०० मागून आली, आणि पहिली पॅरिस-डाकार शर्यत १९७९ च्या जानेवारीत संपली तेव्हा सिरिल नव्हू हा फ्रेंच स्वार तिच्यावरूनच जिंकला होता.

आणि मग ते प्रसिद्ध आयातशुल्क. ऐंशीच्या सुरुवातीला होंडा आणि यामाहा एकमेकांच्या जिवावर उठले होते, गोदामं न विकलेल्या गाड्यांनी भरली होती आणि हार्ले डेव्हिडसन गटांगळ्या खात होती. एप्रिल १९८३ मध्ये रेगनसाहेबांनी ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटरसायकलींवरचं शुल्क ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेलं, पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणारं. जपान्यांनी काय करावं? ७५० च्या गाड्यांची इंजिनं थोडी लहान करून ७०० च्या खाली आणली. नियम वाचून बरोब्बर त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबायचं, हे कोणत्याही प्रोग्रामरला पाठ असतं. हार्लेने १९८७ मध्ये स्वतःच सांगितलं की आता पुरे, शुल्क वर्षभर आधी काढलंत तरी चालेल.

या सगळ्या गदारोळात सहाशेच्या सिंगल सिलिंडर गाड्यांकडे कोणी बघितलंच नाही. शुल्काची रेघ त्यांच्या डोक्यावरून गेली. होंडाची एक्सएल ६००, कावासाकीची केएलआर ६०० आणि मग १९८७ ची केएलआर ६५०, जी २००८ पर्यंत जवळजवळ बदललीच नाही. टाकी २३ लिटरची. अमेरिकन मरीन कोअरने तिचं डिझेलवर चालणारं रूप वापरलं. सुझुकीची डीआर ६५० ही १९९६ ची, हवेने आणि तेलाने थंड होणारी, तीही तशीच्या तशी पंचवीसहून जास्त वर्षं विकली गेली. न बदलण्याचा फायदा असा की साचे, यंत्रं यांचा खर्च केव्हाच वसूल झालेला असतो, सुटे भाग सगळीकडे मिळतात आणि प्रत्येक दुखण्यावर कोणीतरी आधीच औषध शोधलेलं असतं. केएलआरच्या इंजिनात बॅलन्सरच्या चेनला ताण देणारा एक बारका तुकडा आहे, तो तुटायचा. मालकांनी त्याला डूहिकी असं नाव ठेवलं आणि मजबूत तुकडा स्वतःच बनवून विकायला काढला.

माझ्यासाठी या दोन्ही गाड्या जवळजवळ ठरल्या होत्या. अडचण एकच: माझी उंची पाच फूट साडेपाच इंच. केएलआर आणि डीआर, दोघींची सीट ३५ इंचांच्या आसपास. शोरूममध्ये मी वर बसलो आणि दोन्ही पाय हवेत. विक्रेता मुलगा सभ्य होता, हसला नाही. डीआरची सीट खाली घेता येते, पण मला हवी तेवढी नाही.

मग चिनी गाड्या. कॅलिफोर्नियात अझुसा गावच्या सीएससीने झोंगशेनच्या गाड्या आणायला सुरुवात केली. २०१६ मध्ये त्यांची टीटी २५० दोन हजार डॉलरच्या आत मिळत होती, खोक्यात भरून घरी यायची, हँडल आणि पुढचं चाक आपण बसवायचं. तिच्या इंजिनाची वंशावळ बघितली तर परत होंडाच! सत्तरच्या दशकात होंडाच्या लक्षात आलं की गरीब देशांत लोक वेळेवर ऑइल बदलत नाहीत आणि वरच्या कॅमची इंजिनं त्यामुळे जातात. म्हणून त्यांनी पुशरॉडवालं, हेळसांड सोसणारं इंजिन बनवलं, ते १९७६ चं सीजी १२५. त्याच्या नकला चीनमध्ये लाखांनी निघाल्या, वाढत वाढत २२९ सीसीच्या झाल्या आणि चाळीस वर्षांनी श्रीमंत अमेरिकेत शनिवार-रविवारच्या खेळासाठी आल्या. खरं सांगतो, मोह झाला होता. पण हायवेवर ट्रकच्या शेजारून जाताना २२९ सीसी कमी पडेल अशी भीती वाटली.

राहिली चौथी. रॉयल एन्फिल्डने २०१५ मध्ये अमेरिकेतलं आपलं ऑफिस थाटलं ते मिलवॉकीला, हार्लेच्याच गावात. जागा निवडणाऱ्याला सलाम. २०१८ मध्ये त्यांनी हिमालयन इथे ४४९९ डॉलरला आणली. ४११ सीसी, साधारण २४ हॉर्सपॉवर, सीट ८०० मिलिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. माझे पाय टेकले. वजन मात्र १९० किलोच्या वर, म्हणजे डीटी-१ पेक्षा ऐंशी किलो जास्त; वाळूत ही आडवी झाली तर उचलायला दोघं लागणार. शिवाय २०२५ मध्ये भारतीय मालावरचं शुल्क एकदा ५० टक्क्यांवर गेलेलं पाहिल्यावर नवीन गाडीच्या भानगडीत पडायचं नाही एवढं माझं ठरलं. ती आधीच बंदर ओलांडून आलेली असली म्हणजे झालं.

यामाहाच्या माणसांनी अमेरिकन माणसाला काय हवं ते जपानला कळवलं होतं. माझ्यासाठी ते कुणी कळवलं असेल तर चेन्नईलाच.

तर २०१९ ची, अकरा हजार मैल झालेली, बत्तीसशे डॉलर. मालक पेंडलटनजवळ राहणारा निवृत्त शिक्षक. त्याने सर्व्हिसची वही दिली, वर जुने टायर फुकट. येताना मुद्दाम अथीनावरून आलो. गहू कापून झाला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गावाबाहेर चार मैल खडीचा रस्ता मिळाला, तिथे उभा राहून चालवून बघितली. पडलो नाही.

रात्री साताऱ्याला फोन करून सांगितलं. बाबा जरा वेळ गप्प, मग म्हणाले, "अरे, सात समुद्रापलीकडं जाऊन एन्फिल्डच घ्यायची होती तर इथंच राहायचं होतंस की." मग लगेच दुसरा प्रश्न, "गिअर कुठल्या बाजूला आहे?"